लीलावतीच्या वाटीपासून चालीमागच्या 30 सेकंदांपर्यंत

धुळ्याच्या एका श्रोत्या काकांनी विचारलंय, मुलगी शाळेकडून बुद्धिबळ खेळते, तर तिला वापरायला सोपं डिजिटल घड्याळ कुठलं घेऊ? सांगतो काका, पण आधी जरा चाळीसगावला जाऊन येऊ.

चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवी आहे. तिथल्या तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, काढलेल्या मठाची नोंद आहे. भास्कराचार्यांनी वेळ मोजायच्या यंत्रांवरही लिहिलंय, त्यात घटिकापात्र येतं. बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर ठेवायची, ती भरून बुडली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. दंतकथा अशी की लीलावतीच्या लग्नात त्या वाटीत मोती पडला, भोक बुजलं आणि मुहूर्त टळला. खरं-खोटं सोडा. पण घड्याळ बिघडलं की कुणाचं तरी नुकसान होतं, ही भानगड आपल्याकडे जुनीच आहे.

बुद्धिबळाला मात्र घड्याळ फार उशिरा लागलं. 1851 ला लंडनमध्ये पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तिला वेळेची मर्यादाच नव्हती. समोरचा विचार करत बसला की आपण जांभया द्यायच्या! 1861 मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळं आली: दोन तासांत 24 चाली. 1883 च्या लंडन स्पर्धेत एकाच दांडीवर बसवलेली दोन घड्याळं होती, एक चालू झालं की दुसरं थांबायचं. पुढे बटणं आली, आणि मिनिटकाट्याने उचलला जाणारा छोटा लाल फ्लॅग.

त्या फ्लॅगने खूप जणांना रडवलंय. शेवटच्या मिनिटात नेमके किती सेकंद उरलेत, ते काट्यावरून कळतच नाही. वजीर जास्त असला तरी फ्लॅग पडला की डाव गेला.

यावरचा तोडगा बॉबी फिशरने काढला. प्रत्येक चालीमागे थोडे सेकंद वाढवून द्यायचे. त्याला 1989 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं आणि 1992 च्या स्पास्कीबरोबरच्या सामन्यात तसं घड्याळ वापरलं. प्रोग्रॅमर म्हणून मला हे भारी आवडतं. नियम एका ओळीचा: चाल झाली, शिल्लक वेळेत 30 जोडा. काट्यांच्या घड्याळाला हे झेपणारं नव्हतं, म्हणून डिजिटल आलं आणि टिकलं. 90 मिनिटं अधिक 30 सेकंद लावलं की 40 चालींपर्यंत माणसाला 110 मिनिटं मिळतात. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये बातुमीला हंपीविरुद्ध विश्वचषक जिंकला, तो टायब्रेकमध्ये, 15 मिनिटं अधिक 10 सेकंदांच्या डावात.

तर काका, सोपं म्हणजे कमी बटणांचं असं धरू नका. डीजीटी ईझी दिसायला एकदम सोपं आहे, पण त्यात सेकंद वाढत नाहीत. ईझी प्लसमध्ये वाढतात. मुलगी जिल्ह्याच्या पुढे जाणार असेल तर डीजीटी 2010 किंवा 3000 बघा. त्यात स्पर्धेतल्या वेळा आधीच भरलेल्या असतात, तक्त्यातला नंबर निवडला की झालं.

हाताने भरायचं असेल तर आधी डावी बाजू, मग उजवी, मग चालीमागचे सेकंद. पर्याय 'फिशर' किंवा 'बोनस' हवा. 'डिले' नको, त्यात घड्याळ थोडं थांबून पळतं, वाचलेले सेकंद जमा होत नाहीत. काही घड्याळं पहिल्या चालीचे सेकंद आपणहून धरत नाहीत, तिथे 1:30:30 भरा. मग पट्टी दोन-चारदा दाबा आणि सेकंद वाढताहेत का ते डोळ्यांनी बघा. दुकानातच बघा, घरी येऊन नको.

मोबाइलवरच्या घड्याळावर भागवू नका. स्पर्धेच्या हॉलमध्ये मोबाइल चालत नाही, आणि ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं असतं. ही सवय खऱ्या पट्टीवरच लागते. 2025 मध्ये जळगावला जैन हिल्सवर 11 वर्षांखालच्यांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथे टेबलाटेबलावर एवढी एवढी पोरं हेच करत होती: चाल, पट्टी, मग कागदावर नोंद.

आणि हो काका, सेलची एक जोडी दप्तरात जास्तीची टाकून ठेवा.