लास्कोचे बंद दार

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, वेझेर नदीच्या खोऱ्यात माँतिन्याक नावाचे छोटे गाव आहे. १२ सप्टेंबर १९४० रोजी मार्सेल राविदा हा तरुण आणि त्याचे तीन मित्र तेथील टेकडीवरच्या एका भोकातून जमिनीखाली उतरले. दिव्याच्या उजेडात त्यांना भिंतींवर बैल, घोडे आणि हरणे दिसली. ही लास्कोची गुहा. तेथील चित्रे सुमारे १७,००० वर्षांपूर्वीची किंवा त्याहूनही जुनी मानली जातात. इतका काळ ती टिकली, कारण गुहेचे तोंड बुजलेले होते आणि आतील तापमान, आर्द्रता व हवा यांत फारसा बदल होत नव्हता.

युद्ध संपल्यावर, १९४८ साली गुहा पर्यटकांसाठी खुली झाली. आत जाण्यासाठी पायऱ्या बांधल्या, दार बसवले, विजेचे दिवे लावले. पुढे दिवसाला १,२०० पर्यंत माणसे येऊ लागली. गावात पैसा आला. पर्यटनाचे धोरण यशस्वी झाले, असेच त्या वेळी कोणीही म्हटले असते.

बाराशे माणसांचा श्वास

आता एक साधे गणित करू. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो आणि तासाला १५ ते २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. १,२०० माणसे प्रत्येकी अर्धा तास आत थांबली, तर दिवसाला ९,००० ते १२,००० लिटर कार्बन डायऑक्साइड आणि ६० युनिट उष्णता गुहेत साठते. एक किलोवॉटची शेगडी ६० तास पेटती ठेवावी, इतकी ही उष्णता! शिवाय उच्छ्वासातील बाष्प थंड भिंतींवर दवासारखे जमते, ते वेगळेच.

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकण्याचा प्रयोग आपण वर्गात करतो. निवळी आधी दुधाळ होते. फुंकत राहिल्यास पुन्हा स्वच्छ होते, कारण तयार झालेल्या कॅल्शियम कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट बनते. लास्कोची भिंत चुनखडीचीच. दमट भिंतीवर कार्बन डायऑक्साइड वाढला की चुनखडी विरघळते. तो कमी झाला किंवा पाणी उडून गेले की कॅल्साइटचे पांढरे स्फटिक पुन्हा जमतात. चित्रांवर आलेल्या अशा पांढऱ्या थराला 'पांढरा रोग' म्हटले गेले. दिव्यांचा उजेड आणि ओलावा यांवर वाढलेले हिरवे शैवाल हा 'हिरवा रोग'.

बिघाडाची पहिली चिन्हे १९५५ च्या सुमारास दिसली होती. तेव्हा पर्यटक कमी न करता हवा शुद्ध करणारे यंत्र बसवण्यात आले. शैवाल तरीही आलेच. अखेर एप्रिल १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांनी गुहा लोकांसाठी बंद केली.

बंदीनंतर काय?

येथे खरा प्रश्न सुरू होतो. दार बंद करणे हा आदेश झाला. ते धोरण नव्हे. पाहण्याची लोकांची इच्छा आणि गावाचा रोजगार यांचे काय? त्याचे उत्तर मिळण्यास वीस वर्षे लागली. मूळ गुहेपासून सुमारे २०० मीटरवर दोन मुख्य दालनांची हुबेहूब प्रतिकृती उभारण्यात आली आणि ती १९८३ साली खुली झाली. प्रतिकृती पाहायलाही लोक मोठ्या संख्येने आले. डिसेंबर २०१६ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी आणखी विस्तृत प्रतिकृती सुरू झाली. अर्थात पर्यटन थांबले नाही, ते फक्त थोडे बाजूला सरकले.

मूळ गुहा मात्र पूर्ववत झाली नाही. २००१ साली तेथे फ्युझेरियम ही पांढरी बुरशी पसरली, पुढे काळे डागही दिसले. जंतुनाशक म्हणून वर्षानुवर्षे वापरलेल्या फॉर्मॅलिनमुळे गुहेतील मूळचा सूक्ष्मजीवांचा समतोल बिघडला असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे एका संकटावरचा उपाय पुढच्या संकटाचे बीज ठरू शकतो.

या अनुभवाचा उपयोग झाला तो दुसऱ्याच गुहेला. डिसेंबर १९९४ मध्ये फ्रान्सच्या आर्देश भागात शोव्हे गुहा सापडली. तिची चित्रे लास्कोहूनही कितीतरी जुनी. ही गुहा सर्वसामान्यांसाठी कधी उघडलीच नाही. तिची प्रतिकृती २०१५ साली खुली झाली. संकट येण्याआधीच मर्यादा ठरवली गेली, हा तीस वर्षांत झालेला मोठा बदल.

आपल्या अजिंठ्याचा खडक बेसॉल्टचा, आणि चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली. त्यामुळे लास्कोचे रसायनशास्त्र तेथे जसेच्या तसे लागू होत नाही. पण श्वासातील बाष्प आणि उष्णता तेथेही तीच असते. खासगी वाहने फर्दापूरच्या फाट्यावर थांबवण्याची व्यवस्था आणि २०१३ मध्ये उभारलेल्या चार लेण्यांच्या प्रतिकृती ही त्याच दिशेची पावले होत.

सहलीला जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांना वरील गणित जरूर करायला द्यावे. आपल्या वर्गातील ५० मुले एका लेण्यात २० मिनिटे थांबली, तर किती कार्बन डायऑक्साइड सोडतील? आकडा हाती आला, की 'एका वेळी मोजक्याच लोकांना प्रवेश' ही पाटी त्यांना जाचक वाटणार नाही. तिच्यामागचे कारण ती स्वतःच सांगू लागतील.