घोड्यासाठी बांधलेली वाट

बर्कहॅमस्टेड स्टेशनातून बाहेर पडलं की दोन मिनिटांत कालव्याचा काठ लागतो. लेक जवळच राहते. दर वेळी ती मला लंडन दाखवायला काढते. यंदा म्हटलं, मला तुमचा कालवा चालू दे. सगळी नोकरी कसारा-इगतपुरीकडे रूळ तपासत पायी काढलेला मी पी-वे इन्स्पेक्टर. सरळ रेषेतली वाट दिसली की पाय आपोआप पडतात. मार्सवर्थ दहा-अकरा किलोमीटर, आणि घाई कोणाला आहे!

हा मूळचा ग्रँड जंक्शन कालवा. १७९३ साली त्याचा कायदा झाला, विल्यम जेसप इंजिनीयर, आणि १८०५ पर्यंत ब्रेंटफर्ड ते ब्रॉन्स्टन सलग जलमार्ग तयार. काठावरची वाट फिरायला आलेल्यांसाठी नव्हतीच. ती घोड्यांची. दोराने ओढलेल्या नावेत एक घोडा पंचवीस-तीस टन माल नेई, चालीच्या वेगाने.

एका कमानी पुलाखाली कोपऱ्यावर लोखंडी पट्टी बसवलेली दिसली. तिच्यात बोट जाईल एवढ्या खोल खाचा. ओला, वाळू चिकटलेला दोर वर्षानुवर्षं घासून त्या पडल्या. आमच्या गावच्या विहिरीवर दगडाला अशाच खाचा आहेत. झीज मोजण्यातच आयुष्य गेलं, त्यामुळे मी बराच वेळ तिथे बोटं फिरवत उभा राहिलो. एक सायकलवाला घंटी वाजवून गेला.

समोरून दुसरी नाव आली तर? ही आमच्या सिंगल लाइनवरच्या क्रॉसिंगसारखी भानगड. एकाने घोडा थांबवायचा, दोर सैल सोडून पाण्यात बुडू द्यायचा. दुसरी नाव त्या दोरावरून तरंगत जायची आणि तिचा घोडा काठावरचा दोर ओलांडायचा. ना सिग्नल, ना टोकन.

तेवढ्यात शेजारच्या रेल्वेमार्गावरून पेंडोलिनो गाडी धडधडत गेली. काठाशी बसलेला राखी बगळा हलला नाही, मीच दचकलो. हा लंडन-बर्मिंगहॅम मार्ग रॉबर्ट स्टीफन्सनने बांधला, १८३८ मध्ये पूर्ण झाला. पुढे याच स्टीफन्सनला जीआयपी रेल्वेने सल्लागार इंजिनीयर नेमलं आणि १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. म्हणजे आमच्या घराण्याचा मूळपुरुषच. त्याच्या गाड्यांनी नावाड्यांचे दर पाडले, हेही सांगायला हवं. ज्यांना घरभाडं परवडेना त्यांनी बायकापोरं नावेवर आणली. मागच्या टोकाची तीन मीटर लांबीची खोली, तिथेच चूल, तिथेच बिछाना. तरीही कालवा बराच तगला. साउथॉलच्या जॅमच्या कारखान्याला या वाटेने नावेतून कोळसा जात होता तो १९७० पर्यंत. घोडे तेव्हा कधीच गेले होते, इंजिनं आली होती.

ट्रिंगला कालवा सर्वांत उंचावर असतो. चढ-उतारासाठी लॉक, म्हणजे दरवाज्यांमधला हौद; पाणी भरलं की नाव वर, सोडलं की खाली. इथे चढून पलीकडे उतरणारी प्रत्येक नाव लॉकमागून लॉक भरून पाणी खाली सोडते, एका लॉकला अडीच लाख लिटरच्या आसपास. ते पाणी आणायचं कुठून? म्हणून शेजारी तलाव बांधले, विल्स्टनचा १८०२ मधला. बांधले नावांसाठी, आले पक्षी. ज्युलियन हक्सलीने १९१४ साली मोठ्या शेंडीवाल्या टिबुकलीच्या प्रणयनृत्यावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, तो इथलीच निरीक्षणं घेऊन. १९३८ मध्ये कंठेरी चिखल्याने ब्रिटनमधलं पहिलं नोंदलेलं घरटं इथेच केलं. आपल्याकडे नांदूरमधमेश्वरला तरी वेगळं काय झालं? बंधारा शेतीच्या कालव्यांसाठी, मुक्काम पक्ष्यांचा.

आणि खरंच, तिथलेच वारकरी इथे. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. एका जोडीने नावांच्या धक्क्याला काड्या, एक निळी प्लास्टिकची दोरी आणि चिप्सचं पाकीट गुंफून घरटं केलं होतं. खंड्या मात्र एकदाच, निळी रेघ ओढल्यासारखा.

मार्सवर्थला सात लॉक आहेत. तिसऱ्यापाशी एक आजीबाई एकट्याच नाव चढवत होत्या. दरवाज्याच्या लांब ओंडक्याला पाठ टेकवून, पाय विटांच्या उंचवट्यांना रोवून ढकलत होत्या. मी दुसऱ्या ओंडक्याला पाठ लावली. जागचा हलेना. "थांबा," त्या म्हणाल्या, "अजून पाणी समान झालेलं नाही."