रोमचे तीन नकाशे

शहराचा नकाशा ज्या दिवशीं पुरा होतो, त्या दिवसापासूनच तो जुना होऊं लागतो. कोठें घर पडतें, कोठें नवा रस्ता निघतो, कोठें ओढा बुजतो. म्हणून नगराची माहिती राखणारास दोन प्रश्नांचीं उत्तरें देतां आलीं पाहिजेत : आज या जागीं काय आहे, आणि अमुक सालीं येथें काय होतें? नवी नोंद करतांना जुनी पुसून टाकली, तर पहिल्या प्रश्नाचें उत्तर हातीं राहतें. दुसऱ्याचें कायमचें हरपतें. या दृष्टीनें रोम नगरीच्या तीन नकाशांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याच्या कारकीर्दींत, इ. स. २०३ ते २११ च्या दरम्यान, शांतिदेवतेच्या मंदिराच्या एका भिंतीवर रोमचा भव्य नकाशा कोरून बसविण्यांत आला. त्याला संगमरवराच्या सुमारें १५० शिळा लागल्या. रुंदी सुमारें १८ मीटर, उंची सुमारें १३ मीटर. दुकानें, जिने, खांब हींसुद्धां त्यांत दाखविलीं होतीं. पण दगडांतली रेघ सहजासहजीं खोडतां येत नाहीं. नगर पालटत राहिलें. नकाशा मात्र होता तेथेंच थांबला. साम्राज्य लयास गेल्यावर शिळा निखळल्या, आणि लोकांनीं त्या बांधकामास व चुन्याच्या भट्ट्यांस लावल्या. १५६२ सालीं कांहीं तुकडे सांपडले. त्यांतलेहि कित्येक पुढें नाहींसे झाले. सुदैवानें अनेकांचीं रेखाचित्रें सोळाव्या शतकांतच काढलेलीं होतीं. जेथें मूळ शिळा हरवली, तेथें आज तीं चित्रें हाच पुरावा. सबंध नकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा आतां उरला आहे.

दुसरा नकाशा जांबात्तिस्ता नोल्ली याचा. १७३६ सालीं त्यानें मोजणीस आरंभ केला, आणि १७४८ सालीं बारा ताम्रपटांवरून नकाशा छापून काढला. त्यांतील स्थळांना १३२० पर्यंत क्रमांक दिलेले असून सोबत सूची आहे. त्यामुळें नांव ठाऊक असणारास जागा सांपडते, व जागा ठाऊक असणारास नांव कळतें. नकाशाला प्रश्न विचारण्याची ही सोय झाली. नोल्लीनें आणखी एक दूरदृष्टीचें काम केलें. लेओनार्दो बुफालीनी याचा १५५१ सालचा नकाशा त्यानें लहान करून पुन्हां प्रसिद्ध केला. सुमारें दोनशें वर्षांत नगर कसें पालटलें, हें दोन्ही नकाशे शेजारीं ठेवून पाहतां येऊं लागलें.

१८७१ सालीं रोम ही संयुक्त इटलीची राजधानी झाली, आणि बांधकामांना ऊत आला. पाया खणावा तों प्राचीन भिंत लागे. ती नोंदली न गेल्यास नव्या इमारतीखालीं कायमची गडप होई. रोदोल्फो लान्चानी या पुराणवस्तुसंशोधकानें हें ज्ञान वांचविण्याचा ध्यास घेतला. १८९३ ते १९०१ या काळांत त्याचा नकाशा ४६ पत्रांत प्रसिद्ध झाला. त्याचें प्रमाण एकास हजार. प्राचीन अवशेष काळ्या रंगांत, त्यानंतरचें नगर तांबड्या रंगांत, आणि नव्या राजधानीचे रस्ते निळ्या रंगांत. एकाच जागीं तीन काळ दिसतात, आणि एकानें दुसऱ्यास पुसलेलें नाहीं.

तथापि उणीव राहिलीच. काळ्या रंगांत अनेक शतकांचीं बांधकामें एकवटलीं. अमुक एका वर्षीं त्यांतील कोणतीं उभीं होतीं, हें रंग सांगत नाहीं. आजच्या संगणकावरील नोंदींत हा दोष टाळतां येतो. प्रत्येक वास्तूस ती केव्हां उभी राहिली व केव्हां गेली अशा दोन तिथ्या जोडल्या, म्हणजे हव्या त्या वर्षींचें नगर मागतां येतें. पण ही तिथी त्या त्या वेळीं कोणी तरी टिपून ठेवलेली असावी लागते. ती मागाहून निर्माण करणें यंत्राला साधत नाहीं.

२०२४ च्या जानेवारींत रोममध्यें त्या संगमरवरी तुकड्यांचें संग्रहालय उघडलें. तेथें जमिनीवर नोल्लीचा नकाशा पसरला असून त्यावर ते तुकडे आपापल्या जागीं मांडले आहेत, व वर कांच आहे. दोन नकाशांमध्यें पंधराशेंहून अधिक वर्षांचें अंतर आहे. तरीहि एक दुसऱ्याचा अर्थ सांगतो. जुना नकाशा निरुपयोगी म्हणून टाकून देणाऱ्या प्रत्येक कचेरीनें हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.