सुंबाचा पीळ

गेल्या चवथीला माझा भाचा पुण्याहून घरी आला होता. त्याला गड-किल्ले भटकण्याचा नाद आहे. त्याच्या मनगटावर जाडसर दोरीचा विणलेला पट्टा दिसला म्हणून मी विचारले, तर म्हणाला, "मामा, हे पॅराकॉर्ड. गरज पडली तर उसवायचे, की आठ-दहा फूट दोरी हातात येते." मग पिशवीतून त्याने एकेक वस्तू काढून दाखवल्या. चाव्यांचा गोंडा, पाण्याच्या बाटलीची जाळी, कुंडी टांगायची झोळी. सगळे त्याने स्वतः विणलेले.

झोळी पाहून मी म्हटले, "अरे, हे तर शिंके!"

"शिंके म्हणजे?"

त्याने "शिंके तुटले नि बोक्याचे साधले" ही म्हण शाळेत पाठ केली होती, पण शिंके पाहिलेले नव्हते. मी माळ्यावर चढलो आणि आजीच्या हातचे शिंके खाली आणले. काळे पडलेले, धुराचा वास असलेले, सुंबाचे. घरात एवढे एकच उरले आहे.

आधी भाच्याच्या दोरीचा इतिहास. नायलॉन हा धागा अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स या शास्त्रज्ञाने १९३५ साली तयार केला. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारे रेशीम बंद झाले, तेव्हा हवाई छत्र्या नायलॉनच्या होऊ लागल्या, त्यांच्या दोऱ्याही. पॅराकॉर्ड म्हणजे छत्रीची दोरी. बाहेरून विणलेले कवच आणि आत साधारणपणे सात पिळदार धागे. तिच्या नेहमीच्या प्रकाराला '५५०' म्हणतात, कारण ती ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो ताण सोसते. जमिनीवर उतरलेले सैनिक छत्रीच्या दोऱ्या कापून घेत आणि सामान बांधायला वापरत. आभाळासाठी केलेली दोरी अशी हळूहळू घरात आली.

आमच्या सुंबाचा प्रवासही असाच दुहेरी आहे. तो परसातही होता आणि समुद्रावरही. मात्र त्याचा समुद्रावरचा इतिहास पुस्तकांत सापडतो. परसातला कुणी लिहून ठेवला नाही.

अल्-बिरूनीने इ. स. १०३०च्या सुमारास हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. त्यात अरबी समुद्रातल्या बेटांचे दोन गट तो सांगतो. एक कवड्यांची बेटे, दुसरी काथ्याची बेटे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी बेटांची ओळखच काथ्यावरून होत होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने होर्मुझ बंदरात खिळ्यांविना बांधलेली गलबते पाहिली. त्यांच्या फळ्या नारळाच्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या होत्या. त्याला ती काही भरवशाची वाटली नाहीत. पण त्या शिवणीवर लोकांनी शतकानुशतके अरबी समुद्र ओलांडला होता, हेही खरेच.

१५१०मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले. मांडवीच्या काठी, आजच्या जुन्या गोव्यात, त्यांनी मोठी जहाजगोदी चालवली. जहाज म्हटले की मैलोगणती दोर आला. युरोपातला दोर भांगेच्या झाडाच्या तागासारख्या तंतूंचा, डांबर चोपडून टिकवलेला. इथे त्यांना काथ्या मिळाला. त्याला ते 'काइरु' म्हणू लागले. मूळ शब्द मलयाळममधला 'कयर', आणि इंग्रजीतला 'कॉयर' हा त्याचाच नातू. १५५८ ते १५७३ या काळात मालेवर पोर्तुगिजांचा ताबा होता. मालदीवचे महत्त्व त्यांच्या दृष्टीने ज्या गोष्टींमुळे होते, त्यात काथ्या होता.

गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याचा प्रसिद्ध ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. औषधी वनस्पतींवरच्या त्या संवादांत एक संवाद माडावर आहे. काथ्याचे दोर खाऱ्या पाण्यात कुजत नाहीत, म्हणून ते जहाजांना फार उपयोगी, असे ओर्ता सांगतो. निरीक्षण अचूक आहे. काथ्यात लिग्निन नावाचे द्रव्य भरपूर असते, त्यामुळे पाण्याचा त्याच्यावर लवकर परिणाम होत नाही. शिवाय तो ताणला की थोडा लांबतो आणि लाटेचा हिसका सोसतो.

पण हा काथ्या काढला कुणी, वळला कुणी? सोडणे म्हणजे नारळाची सालपटे. ती खाडीच्या चिखलात पुरून महिनोन्‌महिने कुजवायची, मग काढून लाकडी दांड्याने कुटायची, धुऊन वाळवायची आणि दोन तळहातांत घोळवत पीळ द्यायचा. मालदीव आणि लक्षद्वीप बेटांवर हे काम मुख्यतः बायकांचे होते. आमच्या वाड्यावरही तसेच होते. निष्फळ चर्चेला आपण 'काथ्याकूट' म्हणतो. ज्यांनी खराच काथ्या कुटला त्यांना हा शब्द कसा वाटला असेल, कोण जाणे. त्यांच्या कुटण्यातून तर दोर निघत होता.

माझी आजी पेडण्याची. पावसाळ्यात दुपारी ती ओटीवर बसून सुंब वळायची. विहिरीचा राजू, गुरांची दावी, डोक्यावरच्या घागरीखाली ठेवायची चुंबळ, दुधा-दह्याचे शिंके, सगळे तिच्या हातचे. उरलेला चोथा राखेसकट भांडी घासायला. गावच्या दुकानात बिडी पेटवायला सुंबाचा तुकडा टांगलेला असे. त्याचे एक टोक दिवसभर धुमसत राही. जळलेल्या भागाची राख खाली पडेपर्यंत तिच्यात पीळ स्पष्ट दिसे. सुंब जळला तरी पीळ जळत नाही, हे मी म्हणीच्या आधी डोळ्यांनी पाहिले.

सत्तरच्या दशकात वडिलांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून निळ्या नायलॉनच्या दोरीचे भेंडोळे आणले. तोवर मासेमारीच्या जाळ्यांतही नायलॉन आले होते. विहिरीवर नवा दोर चढला. मी खूश झालो, कारण जुन्या राजूची कुसे हाताला टोचत. आजीने दोनदा कळशी ओढली आणि म्हणाली, "हो हातांत रावना, निसटता." आम्ही हसलो. तिचे म्हणणे बरोबर होते. सुंब खरखरीत म्हणून हाताला धरतो आणि त्याची गाठही स्वतःलाच धरून राहते. नायलॉन गुळगुळीत, त्याची गाठ सुटू पाहते. पण तो वर्षानुवर्षे टिकतो आणि आयता मिळतो. आजीने त्यानंतर राजू वळला नाही. मी तिच्याकडून काही शिकून घेतले नाही, आणि तिनेही कधी बोलावले नाही.

जुन्या गोव्याच्या समोर, मांडवीच्या पलीकडे दिवाडी बेट आहे. तिथल्या एका नौकाबांधणी कारखान्यात २०२३ साली एका शिवलेल्या जहाजाचे काम सुरू झाले. अजिंठ्यातील पाचव्या शतकातल्या चित्रावरून त्याचा आराखडा घेतला होता. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतकडे निघून पुढच्या महिन्यात पोचले. मला अभिमान वाटला. पण कारागीर केरळहून आणावे लागले, याचाही विचार मनात आला. जहाजाची विद्या कुठेतरी जिवंत होती म्हणून ती परत आणता आली. शिंक्याच्या विद्येसाठी आपण कुठे जायचे?

भाच्याने शिंके हातात फिरवले. "मामा, ही तळाची गाठ कशी घातलीय?"

मला सांगता येईना. आठ पदर तळाशी एका कड्यात गुंतले होते आणि त्याचे टोक कुठेच दिसत नव्हते. "उसवून बघूया?" त्याने विचारले. मी नको म्हणालो. जुना सुंब उसवला तर तुटणार, हे उघड होते.

शेवटी तो शिंके मांडीवर घेऊन बसला. एकेक पदर बोटाने चाचपत, कुठला वरून जातो, कुठला खालून, हे पाहत त्याने आपल्या दोरीने तशीच गाठ बांधायला घेतली. तीनदा चुकला. शेजारी माटोळीची तयारी चालली होती. पोफळांची शिपटी आणि रानफळे केवणीच्या सालीच्या दोराने बांधायची, ही रीत आमच्याकडे अजून आहे. माझी काकी ते बांधता बांधता त्याच्याकडे पाहत होती. चौथ्या वेळी ती म्हणाली, "तो पदर उजवीकडून घे रे." तिला येत होते. इतकी वर्षे कुणी विचारले नव्हते, एवढेच.

संध्याकाळी स्वयंपाकघरात हिरव्या नायलॉनचे शिंके टांगले गेले. त्यात दह्याचा गडू बसला. गाठ थोडी निसटते, म्हणून भाच्याने टोके मेणबत्तीवर वितळवून घट्ट केली. काकीला ते काही पसंत पडले नाही. पुढच्या मे महिन्यात ती त्याला सोडणे भिजत घालून सुंब वळायला शिकवणार आहे. मीही बसणार आहे.

वाचकहो, तुमच्या घरी माळ्यावर एखादे शिंके, चुंबळ किंवा राजूचा तुकडा असेल तर तो टाकू नका. आणि घरात कुणी म्हातारे माणूस असेल तर त्याला आजच विचारा.