ईद, आखाजी आणि शेजारची वाटी

शीरखुर्म्याच्या नावातच इतिहास आहे. फारसीत शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. 1382 ते 1601 या काळात खानदेशावर फारुकी सुलतानांचे राज्य होते आणि फारसी ही दरबारी भाषा होती. नाव दुरून आले खरे, पण दूध आपल्या म्हशीचे आणि शेवया आपल्याच गव्हाच्या! त्यात मांस नसते, म्हणून ही वाटी शाकाहारी शेजाऱ्याकडेही जाते. आखाजीला तिकडून खापरावरची पुरणपोळी व आमरस येतो.

2021, 2022 आणि 2023 अशी सलग तीन वर्षे रमजान ईद व आखाजी एकाच दिवशी आल्या. हिजरी वर्ष व पंचांगाचे बारा चांद्रमास, दोन्ही सुमारे 354 दिवसांचे. मात्र पंचांगात साधारण तिसऱ्या वर्षी अधिक मास येतो, हिजरी सनात येत नाही. 2023 च्या अधिक श्रावणाने ही जोडी फुटली. 2024 मध्ये ईद 11 एप्रिलला झाली, आखाजी 10 मे रोजी.

पैकी 2021 चा योग कोरोनाच्या निर्बंधांत सापडला, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट. पालकहो, आता वाटी पोहोचवायला मुलांनाच पाठवा. घरे त्यांना ठाऊक हवीत. रिकामी वाटी तर कोणी परत पाठवत नाही.