तीन बॉयलरांची ‘विक्रांत’

विमानाला उडायला वारा समोरून लागतो. पतंग उडवणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असतं. जमिनीवर धावपट्टी हवी तेवढी लांबवता येते. समुद्रावर ती सोय नाही. मग विमानवाहू नौका काय करते? वाऱ्याच्या दिशेला नाक धरते आणि जीव खाऊन धावते. वाहता वारा अधिक नौकेचा वेग, एवढं बळ विमानाच्या पंखांना आयतं मिळतं. उरलेला धक्का कॅटापल्ट देतं. वाफेवर चालणारी गोफणच म्हणा ना!

आपल्या पहिल्या विक्रांतचं सगळं गणित या वाऱ्यावर आणि वाफेवर होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ‘हर्क्युलिस’ नावानं बांधायला घेतलेली ही नौका. युद्ध संपलं आणि काम अर्धवट राहिलं. १९५७ मध्ये भारतानं ती विकत घेतली आणि बेलफास्टला पुरी करून घेतली. ४ मार्च १९६१ ला ती नौदलात आली, त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मुंबईत. लांबी जेमतेम २१३ मीटर. तिच्यावर सी हॉक ही एका वैमानिकाची जेट विमानं, पाणबुड्यांचा माग काढणारी, तीन माणसांची अलीझे, आणि हेलिकॉप्टरं. विमानं उडताना-उतरताना एक हेलिकॉप्टर शेजारी घिरट्या घालत राही. कुणी पाण्यात पडलंच तर उचलायला.

१९६५ चं युद्ध पेटलं तेव्हा विक्रांत मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती. लढाईत तिचा उपयोग झालाच नाही. आणि १९७१ मध्ये पाहावं तर चारपैकी एका बॉयलरला तडे!

आमचे मामू बोटीवर फिटर होते. ते म्हणत, तडा गेलेल्या बॉयलरपाशी नुसते डोळे उघडे ठेवून भागत नाही, कानही लावून ठेवावे लागतात. इथं तर तीच वाफ पंख्यालाही हवी आणि कॅटापल्टलाही. वेग घटला की समोरचा वारा घटला. मग जड अलीझे उडवायची कशी? पुन्हा गोदीतच ठेवावी का? नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी तिला पूर्वेकडं धाडलं. तीन बॉयलरांवर.

पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी तिच्याच शोधात विशाखापट्टणमपर्यंत आली. विक्रांत तेव्हा दूर अंदमानकडं होती. ३ डिसेंबरच्या रात्री गाझी तिथंच बुडाली. तिच्यातले नव्वदहून अधिक नाविक कधीच घरी परतले नाहीत. तीही कुणाची तरी मुलंच होती.

४ डिसेंबरला सुमारे ११० किलोमीटरवरून सी हॉक कॉक्स बझारवर गेली, मग चितगाववर. रात्रीचं काम अलीझेंकडं. पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद झाली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

१९९७ मध्ये विक्रांत निवृत्त झाली, मुंबईतच संग्रहालय म्हणून राहिली. मुलांना घेऊन मी गेलो होतो. मुलं विमानांपाशी रमली. मी चालत डेकच्या टोकाला गेलो, आणि फारच लवकर पोचलो. एवढ्याशा जागेतून ही माणसं उडत होती?

२०१४ मध्ये दारूखान्यात ती तोडली. तिचं थोडं पोलाद पुढं मोटरसायकलींत गेलं. २०२२ मध्ये कोचीला नवी विक्रांत नौदलात आली. ती २६२ मीटरची. तिला कॅटापल्ट नाही, डेकचं टोकच वर उचललेलं आहे. चालते ती चार गॅस टर्बाइनांवर. बॉयलरची कटकट आता नाही.