'वाट पाहू' म्हणणाऱ्या डॉक्टरांची परीक्षा

ॲक्युट मायलॉइड ल्युकेमिया (एएमएल) हा रक्ताचा कर्करोग मुख्यतः उतारवयातला. अमेरिकेत निदानाच्या वेळचं मध्यक वय 68च्या आसपास आहे. तरी यावरचे जुने पेपर वाचायला घेतले की बहुतेक रुग्ण तरुणच भेटतात.

1973 मध्ये '7+3' पद्धत आली: सात दिवस सायटाराबिन, त्यातले तीन दिवस सोबत डॉनोरुबिसिन. ही केमो अस्थिमज्जा जवळजवळ रिकामी करते. ती पुन्हा भरेपर्यंत काही आठवडे जातात आणि तोवर रुग्ण जंतुसंसर्ग, रक्तस्राव यांच्या तडाख्यात असतो. सत्तरीतलं शरीर हे सोसेल का? अनेक डॉक्टर म्हणायचे, नको, उरलेले दिवस तरी सुखात जाऊ देत. मत दयाळूपणाचं होतं, पण तपासलेलं नव्हतं.

ते तपासलं युरोपातल्या ईओआरटीसीच्या ल्युकेमिया गटाने. बॉब लोवेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा हा पेपर 1989चा. 65 किंवा त्याहून जास्त वयाचे फक्त 60 रुग्ण. साधारण निम्म्यांना लगेच पूर्ण केमो. बाकीच्यांना आधार देणारे उपचार आणि आजार वाढलाच तर सौम्य औषध. मध्यक आयुर्मान 21 आठवडे विरुद्ध 11. दोन्ही आकडे वाईटच आहेत. पण मी अडकलो ते पुढच्या ओळीशी: उरलेल्या आयुष्यातले किती दिवस इस्पितळात गेले, याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं होतं. म्हणजे ज्या सुखासाठी केमो टाळायची, ते सुख टाळणाऱ्यांनाही मिळत नव्हतं.

आता यातली मेख बघा. चिठ्ठी टाकून गट ठरवायचा तर प्रत्येक रुग्ण केमो झेपण्याइतका धट्टाकट्टा हवा. म्हणजे ज्यांच्याबद्दल खरी शंका होती, ते दाराबाहेरच राहिले. हे एएमएलपुरतं नाही. 1999 मध्ये हचिन्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या गटाच्या कर्करोग ट्रायल्स मोजल्या. देशातल्या कर्करुग्णांत 65च्या वरचे 63 टक्के, ट्रायल्समध्ये मात्र 25 टक्के!

दार उघडायला वेगळं औषध लागलं. ॲझासिटिडिन प्रागमध्ये 1964 साली तयार झालं होतं. आधी ते पेशी मारणारं औषध म्हणून मोठ्या डोसमध्ये वापरून पाहिलं. 1980 मध्ये जोन्स आणि टेलर यांनी दाखवलं की ते डीएनएवरचं मेथिलेशन पुसतं. मग कमी डोसला अर्थ आला, आणि कमी डोस म्हाताऱ्या शरीरालाही झेपतो. 2004 मध्ये एमडीएस या जवळच्या आजारासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

2020च्या व्हिआले-ए ट्रायलमध्ये त्याला व्हेनेटोक्लॅक्सची जोड दिली. रुग्ण 431, मध्यक आयुर्मान 14.7 महिने, नुसत्या ॲझासिटिडिनवर 9.6. तुलनेचा गट बघितलात ना? 1989 मध्ये तिथे 'वाट पाहू' होतं, आता औषध आहे. प्रवेशाची अटही उलटी झाली: वय 75च्या पुढे, किंवा तीव्र केमो झेपू नये असा दुसरा आजार.

तरी पात्रतेचा परिच्छेद शेवटपर्यंत वाचा. 75 किंवा पुढचा रुग्ण जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात किंवा खुर्चीत काढत असेल, तर त्याला इथेही प्रवेश नव्हता.